सर्व्हिसवर आलेला चार्ज

॥ श्री ॥
तोआ पायोह, सिंगापूर
दि. ३ मार्च २०२५

चि. सुमित्रास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडील क्षेम असं म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. खरं तसं नाही.

हे पत्र सातव्या मजल्यावरची अनुजा लिहिते आहे. पुण्याची आहे, इथे भाड्याने राहते, कॉम्प्युटरची नोकरी करते. मी जन्मात पाटीवर रेघ ओढली नाही, तेव्हा ती लिहील ते खरं. पानांचा फोटो ती तुझ्या फोनवर धाडेल. तोंडी बोलले असते, पण आमच्या घरात फोन करणं म्हणजे सुनेच्या कानात सांगणं, आणि हे तिला कळायला नको.

आपल्या प्रबोधच्या सर्व्हिसवर चार्ज आलाय. परवा मी कोथिंबीर निवडत होते आणि सुचित्रा त्याच्याशी फोनवर बोलत होती. तो बोटीवर. सर्व्हिस, चार्ज, शेवटची नोटीस, कोर्ट, एवढं मी या कानांनी ऐकलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

तुला याचा अर्थ सांगायला नको. पांडुरंगरावांच्या गोदीतल्या सर्व्हिसवर दोरखंड चोरल्याचा चार्ज आला, तेव्हा शिजता भात उतरवून तुम्ही क्वार्टर सोडलीत. इथलं हे घरही सरकारचंच. प्रबोधने घेतलं तेव्हा पेढे वाटले, पण मी खोदून विचारल्यावर कळलं की मुळात नव्व्याण्णव वर्षांचा करार, त्यातली बरीच आधीच्यांनी वापरलेली. म्हणजे क्वार्टरच की गं, दोरी लांब एवढंच.

शिक्षाही सुरू झाली. काल आमच्या बाजूच्या लिफ्टला पत्रे ठोकले. आमच्या पायी निम्मा ब्लॉक वळसा घालून दुसऱ्या लिफ्टला जातो. शेजारची चिनी आजी हसून मान हलवते, तर मला वर बघवत नाही.

तेव्हा मी ठरवलंय, तुझ्याकडे यायचं. पोरांवरचं एक ओझं तरी कमी. तू नारळ ठेवतेस ती मागची खोली रिकामी कर. बॅग भरून पलंगाखाली सरकवली आहे. सुचित्रा गुणाची आहे, आमटी पातळ करते तेवढं सोड. नातीला, ईशाला, सोडून यायचं मात्र जिवावर येतंय.

लोभ आहेच, तो आता मागच्या खोलीपर्यंत पुरव.

तुझी अक्का


नागाव
दि. ५ मार्च २०२५

ती. अक्कास सुमित्राचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग नारळ ओटीवर काढले आणि खोलीला चुना लावला. किती दिवस राहणार ते विचारत नाही. आल्यावर पलंग खिडकीशी हवा की भिंतीशी यावरून भांडू.

पण अक्का, एक सांगते. ह्यांचा तो दोरखंड चार महिन्यांनी दुसऱ्या गोदामात सापडला. तोवर ह्यांनी कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं, खाली मान घालून बसले होते. तूही आता तेच करते आहेस. प्रबोध चोरी करणारा नव्हे, आणि केली तरी त्याला पचायची नाही. लहानपणी माझ्या डब्यातला लाडू चोरून त्यातला अर्धा मलाच द्यायला आला होता. सुनेला समोर बसव आणि विचार. मग यायचं ते ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
सुमित्रा


॥ श्री ॥
तोआ पायोह
दि. ९ मार्च २०२५

चि. सुमित्रास अक्काचे आशीर्वाद, आणि या खेपेला खरोखरच सर्व क्षेम.

आज लेखणी सुचित्राच्या हातात आहे, तेव्हा आमटीबद्दल काही सांगत नाही. (मावशी, आमटी पातळ नसते. – सुचित्रा)

विचारायची वेळच आली नाही. केर काढताना हिला बॅग सापडली. आत माझी लुगडी आणि ईशाचा जुना फ्रॉक. बॅग मध्ये ठेवून समोर बसली आणि म्हणाली, "आई, माझं काही चुकलं का?" मग मला सांगावंच लागलं. ऐकून आधी हसली, मग पदराने डोळे पुसले. पदर कसला, ओढणी.

अगं, सर्व्हिस प्रबोधची नव्हेच. सर्व्हिस या ब्लॉकची. इथे घराच्या दारापर्यंत आपलं, दाराबाहेरचं सगळ्यांचं. वऱ्हांडा झाडणं, जिन्यातले दिवे, पाण्याची टाकी, कचरा, हे सगळं टाउन कौन्सिल सांभाळतं आणि त्यासाठी घरोघरून महिन्याला पैसे घेतं. त्याला म्हणे सर्व्हिस चार्ज. मोठ्या घराला जास्त, लहानाला कमी. आलेलं सगळं झाडण्यात संपवत नाहीत, काही बाजूला टाकतात, पुढे रंग द्यायला, लिफ्ट बदलायला. प्रबोधने बँक बदलली आणि आपोआप जाणारे पैसे जायचे थांबले. तो समुद्रावर, नोटिसा त्याच्या नावाच्या म्हणून हिने न फोडता ठेवलेल्या; शेवटची तेवढी फोडली, तेव्हा कळलं. आता भरले सगळे. अनुजाला तरी कसं कळावं, तिच्या खोलीचे तिचा घरमालक भरतो.

आणि लिफ्ट! ती जुनी झाली म्हणून त्याच साठवलेल्या पैशातून नवी बसवताहेत. चिनी आजी त्याच आनंदात हसत होती. मी विचारलं, दुसऱ्या मजल्यावरचे अंकल जन्मात लिफ्टमध्ये चढत नाहीत, त्यांनी का द्यावे? तर तेही देतात. आपल्या वाडीची विहीर उपसायच्या वर्गणीला तात्या हेच कुरकुरायचे ना, माझ्या परसात विहीर आहे म्हणून? आणि ती आटल्यावर घागर घेऊन पहिले कोण आले होते? ईशा मला समजावत होती, "आजी, इट्स जस्ट लिफ्ट मनी, ला." आठवडाभर मी बॅग भरून बसले होते, आणि हिचं आपलं इथल्या पोरांसारखं शेवटी ला.

तू रंगवलेली खोली मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. नारळ परत आत ठेव. उगाच तुला कामाला लावलं.

लोभ होता तेवढाच राहू दे, वाढवलास तर त्याचाही चार्ज लागेल.

तुझी अक्का

ता. क. मावशी, हे मी माझं लिहिते, आईंना वाचून दाखवणार नाही. बॅग त्यांनी अजून रिकामी केलेली नाही. दोनदा विचारलं, तर म्हणाल्या की राहू दे. प्रबोध मेमध्ये उतरतील, तेव्हा आम्ही सगळे यायचं म्हणतो. – सुचित्रा


नागाव
दि. ११ मार्च २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हुश्श झालं. पत्र शेजारणीला, कादंबरीलाही वाचून दाखवलं, ती अजून हसते आहे.

नारळ ओटीवरच आहेत. आत ठेवणार नाही. चुना सुकलाय, पलंग खिडकीशी लावलाय, तुला भिंतीशी हवा असेल हे धरूनच. बॅग भरलेलीच असू दे. इथे लिफ्ट नाही आणि दाराबाहेरचंही मीच झाडते. तेव्हा चार्ज एवढाच, की संध्याकाळी माझ्याशी भांडायचं, आणि तो तुझा बरीच वर्षं थकलाय.

वसुलीला बसलेली,
सुमित्रा