भिंगरीची वेळ

दि. ४ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.

सहावं सलाईन काल संपलं. मानेतल्या गाठी निम्म्या विरघळल्या, केस मात्र पूर्ण. आईला वाटतं मला केसांचं दुःख आहे. मला दुःख आहे ते वॉर्डाच्या व्हरांड्याचं. चाळीस पावलांत संपतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर म्हणजे सर्दी नव्हे, ऑक्टोबरची राष्ट्रीय शर्यत विसर. मी विचारलं, वीस किलोमीटर धावायला व्हरांड्याच्या फेऱ्या किती होतात? हसल्या, पण पाठ फिरवल्यावर.

शेवटच्या रेषेवर तुम्ही स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचं. मामीला म्हणावं, घड्याळाचं दुकान एक दिवस बंद राहिल्याने जगाची वेळ चुकत नाही.

तुमची टकली भाची,
भिंगरी


दि. ११ मार्च
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

येतो. तीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करतोय, पण स्वतः वेळेवर कुठे पोचलो नाही, असं तुझ्या मामीचं म्हणणं. यावेळी पोचेन. स्टॉपवॉच साफ करून तेल घातलंय. पडलीस तर उचलायला येणार नाही, वेळ मोजत उभा राहीन. हे तुझ्या आईला सांगू नकोस, आणि गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घे.

तुझा,
मामा


दि. २ नोव्हेंबर
ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाहिलंतच. वाटेत दोनदा ओकले आणि पोचले तेव्हा पंचांनी टेबलं उचलून घड्याळ बंद केलं होतं. गर्दी मात्र थांबली होती. तेव्हापासून मी राष्ट्राची कन्या आहे. माझं टपाल तिकीट निघतंय, टोपी घालून. टक्कल राष्ट्राला शोभत नाही म्हणे. मंत्र्यांनी फोटोसाठी हात धरला तो सोडायचंच विसरले.

आणि पुढच्या वर्षीचा माझा अर्ज परत आला. कारण, मागच्या शर्यतीची वेळ नोंदलेली नाही! शर्यत भरवणाऱ्या संघटनेचे चिटणीस म्हणाले, तू अमर झालीस, तुला वेळ कशाला? भांडले तेव्हा कबूल झाले की तुमच्या स्टॉपवॉचचा आकडा लेखी चालेल. लवकर कळवा. मानेत पुन्हा गाठ लागतेय, सोमवारी दाखल होतेय.

भिंगरी


दि. ५ नोव्हेंबर
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

आकडा नाही. तू वळणावर दिसलीस आणि मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत सुटलो. बटण दाबायचं राहिलं. मामी म्हणते, द्या काहीतरी ठोकून, कोण तपासायला येतंय? पण खोट्या आकड्यावर तू एक पाऊल टाकणार नाहीस.

ते स्टॉपवॉच अजून चालू आहे. बंद करायला हात धजत नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्याला चावी देतो. शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्रात घाल. फोनवर मामी ऐकते.

तुझा नालायक
मामा


दि. १० नोव्हेंबर
ती. मामास,
सा. न. वि. वि.

शिव्या राखून ठेवल्या आहेत. चिटणिसांना कळवलं, माझी अधिकृत वेळ घेईपर्यंत तिकिटावर माझं चित्र छापायला संमती नाही. तिकीट छापखान्यात अडकलंय म्हटल्यावर दोन दिवसांत उत्तर आलं. १२ एप्रिलला पुन्हा धावायचं, तोच रस्ता, पंच, टेबल, घड्याळ, मी पोचेपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी तारीख केसपेपरवर लिहून घेतली, वचन दिलं नाही. मीही मागितलं नाही. या वॉर्डाचा व्हरांडा बावन्न पावलांचा आहे.

चावी चुकवू नका. आणि त्या दिवशी टाळ्या मामीला वाजवू द्या.

तुमची,
भिंगरी