आजीच्या नावावरची रेघ

महबूला, कुवेत
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

प्रिय शलाका,

फोन सोडून ताई पत्र का लिहीत बसल्या, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगते. आधी सगळं क्रमानं ऐक, जसं आपण अशिलाला सांगायला लावतो: कोण, कधी, डोळ्यांनी काय पाहिलं. आत्ता घरात मी, नात तेजस्वी आणि हफिजा एवढ्याच आहोत. तेजस्वी शेजारी बसून रुमालांच्या घड्या घालतेय, कोपऱ्याला कोपरा लावून. तेवढ्या नीट घड्या तुलाही जमणार नाहीत आणि मलाही नाहीत.

नोव्हेंबरात मी इथे आले तेव्हा ठरलं होतं ते साधं होतं. तेजस्वीला एप्रिलमध्ये अठरा पूर्ण होतील आणि तिची इथली खास मुलांची शाळा संपेल. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीला त्यानंतर इथे करण्यासारखं फारसं काही नाही. माझा क्षितिज मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत, सूनबाई श्वेता फार्मसीत. दोघांच्या नोकऱ्या सुटणाऱ्या नाहीत. म्हणून जूनमध्ये मी नातीला नाशिकला घेऊन जायचं, तिनं माझ्या फ्लॅटमध्ये राहायचं आणि पालकत्व देणाऱ्या समितीपुढे पालक म्हणून माझं नाव लावायचं. अठरा वर्षांनंतर अशा मुलांचे आईबापसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे मी अठ्ठावीस वर्षं लोकांना समजावत आले. म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं आणि या मुलांचे पालकत्वाचे अर्ज, यातच माझी वकिली गेली. स्वतःच्या नातीचा अर्ज म्हणजे मला घरचं कार्यच होतं.

जानेवारी लागला आणि घराची तऱ्हा बदलली. मी खोलीत शिरले की नवराबायकोचं बोलणं तुटायचं. माझा पासपोर्ट क्षितिजनं ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून आपल्या कपाटात टाकला. माझ्या फोनमध्ये काहीतरी बसवलं; मी लिफ्टनं खाली उतरले की त्याला तिकडे कामावर कळतं. मग ही हफिजा आली. हैदराबादची, गोड बोलणारी. तेजस्वीसाठी ठेवली म्हणाले, पण तिची नजर सारखी माझ्यावर. गॅसला हात लावला की ही मागे उभी. इमारतीचा पहारेकरीसुद्धा मला पाहिलं की इंटरकॉम उचलतो. माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

आणि एका सकाळी चहा पिताना क्षितिज अगदी सहज विचारतो, काल भाजी कोणती होती गं आई? शलाका, तो प्रश्न मी तिथल्या तिथे ओळखला. आपल्या ऑफिसात मुलांना चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवायची पद्धत मी पाडली. ते गेले की म्हाताऱ्याला विचारायचं: आज वार कोणता, काल भाजी काय होती, आणि सध्या राग कुणावर आहे. पहिली दोन उत्तरं पढवता येतात, तिसरं येत नाही. शाळा सुटल्यावर क्षितिज ऑफिसच्या बाकावर बसायचा तेव्हा त्यानं हे शंभरदा ऐकलंय. माझंच हत्यार माझ्यावर! मी ठणकावून सांगितलं, गवार. श्वेतानं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

माझ्या धंद्यात मी एवढंच शिकले की कुंपण शेत खातं ते हळूहळू खातं. आधी कागद ताब्यात घेतात, मग बाहेर जाणं बंद करतात, मग डॉक्टरचा दाखला आणि शेवटी सही. अशी पोरं मी ढिगानं पाहिलीत, आणि त्यांतली निम्मी आईच्या पाया पडून आत यायची. माझं पोर त्यांतलं निघालं, हे मला पटत नव्हतं. पण डोळ्यांनी दिसतंय ते नाकारायचं कसं?

गेल्या शुक्रवारी सुट्टी म्हणून हफिजा सोडून सगळे राईच्या बाजारात सोफा बघायला गेले. डोकं दुखतंय असं सांगून मी मागे राहिले. हफिजा नमाजाला बसली तसं मी क्षितिजचं कपाट उघडलं. हो, चोरी केली. अरे हो, सांगायचं राहिलंच, माझा पासपोर्टही त्यानं त्या कपाटातच ठेवलाय. तिथे निळी फाईल होती आणि फाईलमध्ये तेजस्वीच्या पालकत्वाचा अर्ज. पालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलेलं, त्यावर आडवी रेघ, आणि वर प्रसादचं नाव. प्रसाद म्हणजे श्वेताचा भाऊ, पुण्याचा. खाली माझ्या फ्लॅटसाठी न्यासपत्राचा कच्चा मसुदा होता; त्यातही विश्वस्त प्रसाद. माझी नात, माझं घर, आणि मालक कोण, तर सुनेचा भाऊ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ते परत आले तेव्हा मी फाईल जेवणाच्या टेबलावर ठेवून बसले होते. नको ते सगळं बोलले. श्वेताला माहेर भरणारी म्हणाले, आणि ती तेजस्वीला आत घेऊन गेली. क्षितिजनं मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर तो एवढंच म्हणाला, “आई, डिसेंबरात तू तेजूला खाली घेऊन गेलीस आणि एकटीच वर आलीस. ती कुठंय विचारलं, तर म्हणालीस, शाळेत. शनिवार होता, शाळेला सुट्टी.”

मी म्हटलं, खोटं. वकिलाला एका साक्षीदारावर विसंबायची सवय नसते. तेजू गफूरच्या बकाल्यात होती असं क्षितिज म्हणाला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मी खाली तिथे गेले. बकाला म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. मी त्याला उलटसुलट विचारलं, तारखा विचारल्या, कुणी पढवलंय का तेही विचारलं. बिचारा संकोचला, पण उत्तरं सरळ दिली. तेजस्वी दीड तास त्याच्या काउंटरशेजारी खोक्यावर बसून होती. मधे मी एकदा पुन्हा आले. तिच्या अगदी जवळून गेले, दह्याचा डबा घेतला आणि चालू लागले. ती म्हणाली, “आजी, वेट.” मी थांबले नाही. शेवटी त्यानं दुकान बंद करून तिला वर आणून सोडलं. शलाका, मला यातलं काहीही आठवत नाही. दही आठवतं. फार आंबट होतं.

घरी आल्यावर मी श्वेताला विचारलं, क्षितिजनं चहाच्या वेळी विचारलं होतं त्याच्या आदल्या दिवशी भाजी खरंच कोणती होती. तिनं सांगितलं, त्या दिवशी भाजीच नव्हती, सगळ्यांचा एकादशीचा उपास होता. मी एकटी जेवले होते, वरणभात.

परवापासून मला ठकूबाई आठवतेय. तू तेव्हा नवीन होतीस. तिचा भाऊ काशिनाथ, वय चाळिशीचं पण समज पाचवीतल्या मुलाएवढी. त्याचं पालकत्व हवं म्हणून आली होती. त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तीच उत्तर द्यायची, म्हणून मी तिला बाहेर पाठवलं. काशिनाथ घाबरून रडायला लागला. मी ठरवून टाकलं, बहिणीचा डोळा त्याच्या वाट्यावर आहे. आणखी नातेवाइकांच्या संमती आण म्हणून तिला परत पाठवलं. चार महिन्यांत ती वारली आणि चुलत्यांनी काशिनाथला कुठल्याशा आश्रमात टाकलं. तू मला विचारलं होतंस, ताई, आपलं चुकलं का? मी म्हणाले, कागद अपुरे होते. कागद पुरेसे होते, शलाका. मी चुकले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता हे पत्र का, ते ऐक. पुढच्या आठवड्यात माझ्या तपासण्या आहेत. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. आज माझं डोकं स्वच्छ आहे, म्हणून माझ्या अक्षरात, तारीख घालून लिहितेय. अर्जात प्रसादचं नाव राहू दे. फ्लॅट तेजस्वीच्या न्यासात जाऊ दे. प्रसादला मात्र मोकळा सोडू नकोस. वर्षातून दोनदा न सांगता त्याच्या घरी जा आणि मुलगी हसते का ते बघ. आणि एक गोष्ट. दोन-चार महिन्यांनी मी तुला फोन करीन. रडेन, ओरडेन, म्हणेन की पोरानं हे माझ्याकडून जबरदस्तीनं लिहून घेतलं, माझी नात हिरावली, ऊठ आणि कोर्टातून स्थगिती आण. मी तुला पटवूनही देईन. पटवण्यातच माझं आयुष्य गेलंय. त्या बाईचं एक अक्षर ऐकू नकोस. तिला शांतपणे सांग की माझ्या अशील लीनाताई आहेत, आणि त्यांच्या सूचना मला लेखी मिळाल्या आहेत.

तुझीच,
लीनाताई