जाहिरातीतलं लेकरू

१४ जुलै, सोमवार

सकाळी दुकान उघडून कंप्युटर चालू केला, तर ब्राउझरनेच पट्टी दाखवली — जाहिराती अडवणारं तुमचं एक्स्टेन्शन आता चालत नाही, बंद केलं आहे. मला न विचारता! चार वर्षं बिचारं मुकाट राबत होतं. काढून परत घालून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

दुपारपर्यंत कोणतंही पान उघडलं की साड्या, रमी, दात पांढरे करा. एका पोरीचा प्रवेशाचा फॉर्म घ्यायला गेले तर 'डाउनलोड' लिहिलेली तीन बटणं, त्यातली दोन खोटी. दहा वर्षं हे ऑनलाइन सेंटर चालवते मी, आणि मीसुद्धा खोटंच दाबलं. चिडचिड झाली. आमचे हे, राजपाल, शेतातून जेवायला आले तर त्यांच्यावरच खेकसले. म्हणाले, "अवं, मी काय तुया कंप्युटरमंधली जाहिरात हाय का? जेवू दे मले."

१५ जुलै, मंगळवार

रमी आज एकवीस वेळा मिटवली.

१७ जुलै, गुरुवार

आज फार हसले. दुकानातलं बाकडं बरोबर माझ्या पाठीमागे आहे. काम असो नसो, चारजण बसलेले असतातच आणि आठ डोळे माझ्या पडद्यावर. माझ्या आधी वाचून मोकळे होतात. देवमनकाका रोज कारंज्याचे सोयाबीनचे भाव पाहायला येतात. आज भावाच्या शेजारी ट्रॅक्टरची जाहिरात होती. बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "वैजयंती, हे ट्रॅक्टरवाल्याचं बोर्ड तू लावलं का? आमच्या पुतण्याच्या दालमिलचंही लाव ना बाजूले. जागा हाय."

त्यांना वाटत होतं भिंतीवर रंगवतात तसं मीच रंगवते! मग मी खुर्ची फिरवून सगळ्या बाकड्याला शिकवणी दिली. "काका, मी नाही लावत. परवा तुमीच ट्रॅक्टर पाह्यला होता ना इथं? जो जे शोधते, ते त्याच्या मांगं लागते. आता तुमी गेल्यावरही दिसत राह्यते." सगळे थक्क. मला मीच फार हुशार वाटले. संध्याकाळपर्यंत ती शिकवणी गावभर झाली असणार.

२२ जुलै, मंगळवार

भर दुपारी, बाकडं रिकामं असताना, रेणू आली. पलीकडच्या गल्लीतल्या किशनची बायको. आधी दारातूनच आत पाहून घेतलं, मग आली. "वहिनी, घरी फोन एकच हाय. त्याच्यात काही पाह्यलं की सगळ्याईले दिसते."

लग्नाला चार वर्षं झाली तिच्या, मूल नाही. चुलतसासरे उघड बोलायला लागलेत — दिवाळीपर्यंत वाट पाहायची, नाही तर किशनसाठी दुसरी पाहायची. रेणूला अमरावतीचा दवाखाना हवा होता, जिथं दोघांचीही तपासणी होते. "दोघाईची" हा शब्द तिनं तीनदा म्हटला. अर्धा तास आम्ही पानं उघडत बसलो. ती मान हलवत राहिली, काही लिहून घेतलं नाही. कागद घरी सापडेल म्हणून. जाताना म्हणाली, "सासूबाईले समजलं तर मले माहेरीच जा लागीन." तिच्या सासूचा, रुखमाबाईंचा, धाक मला माहीत आहे. आवाज चढवत नाहीत, पण अंगण गप्प होतं.

२३ जुलै, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

बाकडं भरलेलं. देवमनकाका, वरच्या आळीतल्या दोघी, आणि खुद्द रुखमाबाई, शेतकरी ओळखपत्राच्या कामाला. मी भावाचं पान उघडलं. वरच एक गुटगुटीत लेकरू बाईच्या मांडीवर, आणि मोठ्या अक्षरांत — आई व्हायचंय? अमरावतीला या. मिटवलं. बाजूला दुसरं लेकरू. पान बदललं, तिथंही लेकरू!

देवमनकाकांनी चष्मा सारखा केला. "तूच त सांगतलं होतं, जो शोधीन त्याच्या मांगं लागते. मंग हे कोनं शोधलं?"

माझीच शिकवणी, माझ्याच गळ्यात. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं, शिकलेलं आठवलं एवढंच. वरच्या आळीतली एक म्हणाली, "काल दुपारी रेणू इथून जातानी दिसली होती मले." रुखमाबाई पडद्यावरच्या लेकराकडे पाहत होत्या.

"मीच शोधलं," मी म्हटलं. मागे न वळता. "मायासाठी."

लग्नाला सोळा वर्षं झाली, मला मूल नाही, हे सगळ्या धनज गावाला माहीत आहे. कोणी शंका घ्यायचं कारणच नव्हतं. खोटं बोलायला आपण इतक्या सोयीच्या आहोत हे मला आजच कळलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण रुखमाबाईंचा अंगठा मशीनवर ठेवला, काम पुरं केलं, पावती दिली.

२४ जुलै, गुरुवार

गावानं राजपालना माझ्याआधी सांगितलं. हात धुताना मला विचारतात, "आता दवाखाने नाही, असं ठरलं होतं ना वं आपलं?" म्हटलं, ठरलंय ते ठरलंय. टॉवेलला हात पुसत म्हणाले, "मंग तू कोणाचं तरी झाकून राह्यली. कोणाचं, ते मी पुसत नाही." आणि ताक मागितलं.

हा माणूस मला फार आवडतो. सोळा वर्षांनी लिहिते आहे, पण लिहिते.

२५ जुलै, शुक्रवार

बहिणीची वैभवी कारंज्याला कॉलेजात आहे. तिला फोन लावला. नाव न सांगता सगळी अडचण सांगितली. ती म्हणते, "मावशी, मंग ब्राउझरच बदल ना. फायरफॉक्स घे. त्याच्यात तुयं जुनं अडवणारं अजून चालते."

एवढंच? एवढंच! अकरा दिवस मी रमी मिटवत बसले होते. भीती होती ती वेगळीच — दहा वर्षांचे पासवर्ड, सगळ्या सरकारी साइटच्या खुणा, सगळं जुन्यात. हे सोडलं तर दुकान आंधळं होईल असं वाटायचं. तर नव्या ब्राउझरनं विचारलं, जुन्यातलं आणू का? हो म्हटलं. सगळं आलं. एकसुद्धा राहिलं नाही.

जाहिरात अडवणारं घातलं. भावाचं पान उघडलं. नुसते भाव! पांढरं पान, काळे आकडे. मी उगाच दहा मिनिटं पाहत बसले.

२६ जुलै, शनिवार

अति शहाणपणा केला. बंद करताना सगळं पुसून टाक असं नव्या ब्राउझरला सांगून ठेवलं होतं, त्यानं इमानदारीनं पुसलं. सकाळी एकही साइट मला ओळखेना. प्रत्येकीचा ओटीपी, आणि मागे सातजण बसलेले. वैभवी फोनवर हसून हसून बेजार. कामाच्या साइट वगळायच्या असतात म्हणे. त्या वगळल्या. गिऱ्हाइकाला स्वतः काही पाहायचं असेल तर खासगी विंडो, तीही शिकले. बंद केली की मागे काही उरत नाही.

पडद्याचं तोंडही फिरवलं. आता बाकड्यावरून फक्त माझा कान दिसतो.

२९ जुलै, मंगळवार

पीकविम्याची शेवटची धांदल. नवा ब्राउझर पळतोय. पण अंगठ्याचं मशीन त्याला ओळखत नाही. तेवढ्यापुरता जुना ठेवला आहे. अंगठा झाला की बंद. चहा तीनदा गार झाला, तरी दिवस चांगला गेला.

३० जुलै, बुधवार

देवमनकाका नाराज. उठून, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि पडदा वरून खालपर्यंत पाहिला. "ट्रॅक्टर कुठं गेला? त्याचा फोन नंबर लिहून घ्या लागत होता मले." मी नंबर शोधून कागदावर लिहून दिला. खूश झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लेकरूही काढलं का? बरं केलं. रोज डोळ्यासमोर कायले पाह्यजे."

या म्हाताऱ्यावर मी आठवडाभर मनातल्या मनात चिडून होते. लाज वाटली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

रेणू आली होती. मी तिच्यासाठी खोटं बोलले हे तिला कळलंय. पाया पडायला लागली, मी रागावले. खासगी विंडो उघडून दिली आणि बाहेर जाऊन तुळशीला पाणी घालत बसले. वीस मिनिटांनी तिनं हाक मारली. बंद करून दाखवलं — परत उघडलं — काही नाही. लेकरू नाही, अमरावती नाही. ती हसली. पहिल्यांदाच तिचे दात दिसले मला.

पण हसू टिकलं नाही. शोधणं झालं, जायचं कसं? बसस्टँडवर उभी राहिली तरी गाव विचारणार, कुठं निघाली. किशन तयार आहे, पण दोघं मिळून अमरावतीला कशाला, याचं घरी उत्तर नाही. दिवाळी काही दूर नाही. कंप्युटरवर जेवढं झाकता येतं तेवढं मी झाकलं. पुढचं मला येत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

वरच्या आळीतल्या बाईनं मला कसलीशी पुडी आणून दिली, सकाळी दुधातून घ्यायची. दुसरीनं देव सांगितला. मी दोघींना हो म्हटलं. पुडी राजपालनी हुंगली आणि म्हणाले, "बैलाले द्यावं का?" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. तरी बरं वाटतंय. लोकांची कीव माझ्या वाट्याला आली म्हणून रेणूला रात्रीची झोप मिळत असेल, तर येऊ दे.

६ ऑगस्ट, बुधवार

कामाचा दिवस. विशेष काही नाही. पान पांढरं, डोकं शांत.

७ ऑगस्ट, गुरुवार

शटर वर करते न करते तोच रुखमाबाई. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोमवारी अमरावतीले जाऊ. तुया नावानं. गावाले तू सांगतलंच हाय, आता कोणी काही पुसत नाही. रेणू तुया सोबतीले, किशन पिशव्या धराले. तपासनी त्या दोघाईची करजो. मी बाहेर बसतो."

मी विचारलं, तुमाले कधी समजलं?

"लेकरू पाह्यलं तवाच. दिरांचं तोंड मी चार वर्षं धरून ठेवलं वं बाई, दिवाळीपुढं मायानं नाही धरल्या जात." पायरी उतरता उतरता थांबल्या. "मले मालूम हाय म्हणून रेणूले सांगजो नोको. लाजंनं येणार नाही ते."

दारावर पाटी लावली — सोमवारी दुकान बंद.