डाव्या चाकाचा सातवा नट

९ फेब्रुवारी
आजपासून आमच्या टायरच्या दुकानात नट खोलायचं-आवळायचं विजेचं मशीन. तीस वर्षं पान्याला पाइप लावून, त्यावर उभं राहून आबांनी ट्रकचे नट खोलले. आता उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मीच हट्ट धरला होता. घरातली पहिली पदवीधर, एवढं तरी ऐकतात.
माहितीपुस्तक वाचलं. पान्याच्या, नटावर बसणाऱ्या चकचकीत गोट्या मशीनला लावायच्या नाहीत, फुटून उडतात. जाड काळ्याच. गोटी बदलताना आधी प्लग काढायचा. डोळ्यांना चष्मा. ओढणी कमरेला आवळून. पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं.
दादा वाचून म्हणाला, "मॅडम, आते हवा भराना बी पेपर व्हई का?"

१३ फेब्रु.
शुक्रवार, म्हणजे सगळी हत्यारं धुवायला डिझेलच्या टबात. दादा मशीनही बुडवणार होता. हातातून हिसकावलं. कोरड्या फडक्यानं पुसलं, जाळीतली धूळ ब्रशनं काढली. प्लगजवळ वायर सोललेली. दादा म्हणे चिकटपट्टी लाव. नाही लावली. तेवढी कापून नवीन प्लग बसवून आणला.

१७ फेब्रु., दु. २
आबा खांदा दाखवायला धुळ्यात. चोपड्याचे सुकदेवनाना केळीची गाडी घेऊन आले, सुरतला निघालेले, घाईत. आबांचं जुनं गिऱ्हाईक. टायर बदलायचे होते. दादा मागच्या चाकांवर, म्हणून पुढचं डावं मी घेतलं.
पुन्हा खोलायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे बोल्टला तेलाचा हात देतात. मीही दिला. मशीन लावलं, बटण दाबून धरलं. दोन ड्रायव्हर बघत होते. "आबानी पोर चाक आवळी राहिनी." बरं वाटलं. खूप बरं वाटलं.
सातवा नट घट्ट होता होता एकदम हलका झाला. हाताला स्पष्ट कळलं. मी काही बोलले नाही. आठवाही आवळला.
दादानं नानांना सांगितलं, "मशीनवर आवळेल शे, देखानं काम नही." गाडी एक वाजता गेली.
आता पुस्तक पुन्हा उघडलं. तेल लावलेल्या बोल्टवर जोर फार बसतो. मशीननं नट फक्त बसवायचा, शेवटचा आवळ हातानं, मोजून. नट अचानक हलका झाला तर बोल्ट ताणला गेला असं समजून तो बदलायचा. ही पानं मी गाळली होती.
नानांचा फोन वाजतो, उचलत नाहीत.

१७ फेब्रु., सायं. ४
आबा आल्याबरोबर सांगितलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "साक्रीले थांबानं सांगेल व्हतं का?"
साक्रीला चहा प्यायला थांबशील तेव्हा नट पुन्हा आवळ, हे आबा प्रत्येक ड्रायव्हरला सांगतात. मशीन आल्यापासून आम्ही कुणीच सांगितलं नाही.
तेवढ्यात नानांनी फोन उचलला. कोंडाईबारीचा घाट जवळ आला होता. "एक नट पडी गया, दोन ढिल्ला शेतस. बाकीना शेतस ना. केळी पिकी जाई, सुरतले जाईसन देखसू."
आबांनी फोन माझ्याकडे दिला. "तूच सांग. तुनं काम शे."
सांगितलं. चाक मी आवळलं, बोल्ट माझ्या हातून गेला, मला तेव्हाच कळलं होतं. बाकीचेही ताणले असतील. "नाना, घाटात गाडी घालू नका."
इंजिनाचा आवाज चालूच होता.
"पहिलेच सांगाले जोयजे व्हतं, पोरी."
फोन बंद.

१७ फेब्रु., सायं. ६
आबा आणि दादा नवे बोल्ट आणि हाताचा पाना घेऊन मोटरसायकलवर निघाले. आबा मागे बसले, डाव्या हातानं दादाला धरून.
आत्ता दादाचा फोन. साक्री मागे टाकली. गाडी रस्त्यात दिसली नाही.
नानांचा लागत नाही. घाटात रेंज नसते. घाटाच्या अलीकडे ढाब्यांजवळही नसते, नाना तिथंच थांबले असतील, असं दादा म्हणाला. कदाचित मला बरं वाटावं म्हणून.
दुकानासमोर एक ट्रक येऊन उभा. ड्रायव्हर विचारतो, मशीन चालू आहे ना? मी म्हटलं, थांबावं लागेल. किती वेळ, म्हणाला. मी पुन्हा नानांचा नंबर लावला.