आराखड्यातून गाळलेली ओळ

नाशिक, १० फेब्रुवारी २०२५

ती. सिंधुआत्या,
शि. सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं सांगितलेलं तुला पटत नाही, म्हणून हे पत्र. बातमी अशी, की तुमच्या वाघखेड्याच्या नगरपंचायतीचा हवामान बदल कृती आराखडा करायचं काम आमच्या ऑफिसला मिळालंय आणि साहेबांनी ते माझ्याकडे दिलंय. पुढच्या काही वर्षांत ऊन, पाऊस, पाणी यांनी गावाचं काय होणार आणि नगरपंचायतीनं त्यावर काय करायचं, ते लिहून द्यायचं.

त्यात उन्हाळ्याचं प्रकरण मोठं आहे. तू वीस वर्षं तिथल्या भाजीबाजारात बसतेस. दुपारी बायांना काय सोसावं लागतं, ते खरं खरं लिही. नेहमीसारखं 'बरं चाललंय' म्हणून माझी बोळवण करू नकोस. गुडघे कसे आहेत?

लोभ आहेच, तो उणा पडू देऊ नकोस.

तुझी भाची,
योगिनी


वाघखेडे, १८ फेब्रुवारी

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कुसाबाईला वाचून दाखवलं. माझ्या शेजारी कोथिंबीर-पालक घेऊन बसते ना, तीच. ती म्हणाली, ऊन कुणाला चुकलंय, त्याचं काय लिहायचं. पण तू विचारलंस म्हणून लिहिते.

आधी बाजारात निंबाची तीन झाडं होती. दोन सालामागं ती तोडून खाली सिमेंटचे ठोकळे बसवले. दुपारी ते असे तापतात की पोतं अंथरूनबी बसवत नाय. पण खरा त्रास निराळाच हाय. आम्ही उजाडताच घर सोडतो, तिसऱ्या प्रहरी परततो. चाळीस बाया, आणि मुतारी एकबी नाय. बाप्ये भिंतीआड जातात, आम्ही कुठं जावं? म्हणून पाणीच पीत नाय. लय तहान लागली तर चूळ भरून थुंकायचं. कुसाबाई तर निघताना घोटभर चहाबी घेत नाय. हे तुझ्या कागदात बसत असंल तर लिही.

गुडघे हायेत जागेवर. माया असू दे.

तुझी आत्या,
सिंधुबाई


नाशिक, २० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचायला दिलं. आमच्या एकाही तक्त्यात हे नव्हतं. त्यावरून मी आराखड्यात भाजीबाजाराचं सातवं कलम लिहिलं.

परवा तुमच्या नगरपंचायतीत आराखडा मंजूर झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर मला विचारलं, ताई तुम्ही आमच्याच गावच्या का. तेव्हा मी ऐटीत तुझं नाव सांगितलं. बाजारावरची शेड पुढच्या वर्षी होईल. पाण्याची टाकी आणि उन्हाचे फलक याच महिन्यात लागतील. बाकीचंही मार्गी लागेल. कुसामावशीला म्हणावं, आता पोटभर पाणी पी.

तब्येतीला जप. माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
योगिनी


वाघखेडे, ६ मे

चि. योगिनीस आशीर्वाद.

कुसाबाई गेली. परवा, दुपारी एकच्या सुमाराला.

टाकी आली होती. 'भरपूर पाणी प्या' असा फलकबी लागला होता. मुतारी आली नाय. मी रोज म्हणायची, पी गं दोन घोट. ती म्हणायची, तुझी योगिनी बांधून देणार हाय ना, तोवर कळ काढू. परवा गिऱ्हाइकाला जुडी देता देता काहीबाही बडबडायला लागली. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाय. रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेस्तोवर संपलं होतं. कागदावर हृदयविकार लिहिलंय.

काल मी नगरपंचायतीत गेले. मला टेबलापलीकडचं बोलणं ऐकू येत नाय, म्हणून चिठ्ठीवर लिहून विचारलं की बायांच्या मुतारीचं काय झालं. मुख्याधिकाऱ्यांनी आराखडाच पुढं ठेवला. मी सातवी शिकलेली बाई. दोनदा वाचला. त्यात मुतारी नाय.

योगिनी, तू लिहिलं होतंस ना? मग कुणी काढलं?

आत्या


नाशिक, १४ मे

ती. आत्यास,
शि. सा. न.

मी काढलं.

लिहिलं होतं, तुझ्याच शब्दांत. सभेच्या आदल्या दिवशी मुख्याधिकारी म्हणाले, मुतारीचा आणि हवामानाचा काय संबंध, एवढी ओळ काढा, नाहीतर आराखडा या सभेपुढं येणार नाही. आमचे साहेब म्हणाले, काढ आणि मोकळी हो. मला वाटलं, शेड आणि पाणी तरी पदरात पडेल. ओळ माझ्या हातानं गाळली. इथवर मला दबाव आला असं म्हणता येईल. पण तुला 'बाकीचंही मार्गी लागेल' असं लिहायला कुणीच सांगितलं नव्हतं. ते मी लाजेपोटी लिहिलं, आणि त्यावर कुसामावशीनं भरवसा ठेवला.

काल मी नगरपंचायतीला आणि कलेक्टर ऑफिसला सगळं लिहून दिलं, तुझ्या पत्राची प्रत जोडून. आज साहेबांनी मला कामावरून काढलं. तुला दया यावी म्हणून हे सांगत नाही.

कुसामावशीच्या सुनेला, पल्लवीला, तू सांगशील का? माझा धीर होत नाही.

लोभ मागायचं तोंड मला नाही.

योगिनी


वाघखेडे, २२ मे

चि. योगिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस कमरेला खोचून हिंडले. काल बाजारात सगळ्यांपुढं वाचलं. पल्लवी आता सासूच्या जागी बसते. तिला पाचवा महिना हाय, तीबी पाणी पीत नाय. नगरपंचायतीचं कुणी अजून फिरकलं नाय.

कुणी शिवी दिली नाय तुला. एकीनं एवढंच विचारलं, एवढ्या शिकल्या पोरीला एक ओळ कशी जड झाली. पल्लवी जुड्या बांधत होती. तिनं वर बघितलं नाय. म्हणाली, पत्रात लिहून भागायचं नाय. येऊन माझ्या तोंडावर सांगू दे.

तवा बुधवारी सकाळीच ये. नोकरी गेल्याचं तिथं बोलू नको. मी तुझ्या शेजारी बसेन. तुझ्या बाजूनं मात्र बोलणार नाय.

माया आटली नाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी आत्या,
सिंधुबाई