न विझलेली काडी

६ ऑक्टोबर १९५५
इंदूर आवडलं! सकाळी पोहे-जिलेबी हाणून इस्पितळात रुजू झालो. मोठे साहेब जठराचा कॅन्सर कापतात. त्याआधी रोग्याची छाती मी तपासायची. पेटती काडी वीतभर दूर धरायची, रोग्याने उघड्या तोंडाने ती विझवायची. ज्याला जमत नाही, त्याला पोट कापल्यावर कफ काढता येत नाही, न्यूमोनिया गाठतो. साधी युक्ती, पण बिनचूक.

१० ऑक्टोबर
जयसिंगराव, होळकरांच्या रिसाल्यातले जुने स्वार. काडी दिसताच त्यांनी मान फिरवली. म्हणाले, डॉक्टरजी, ज्योत तोंडाने बुझवत नाही आम्ही, अपशकुन असतो. आमची आईसुद्धा दिवा पदरानेच मालवायची. मी काडी झटकली आणि छाती ठीक असल्याचं साहेबांना कळवलं.

११ ऑक्टोबर
त्यांच्या पत्नी गंगूबाई आज सांगतात, चार पावलांत त्यांना दम लागतो. म्हणजे म्हाताऱ्याने रिवाजाआड दम लपवला! साहेबांकडे धावलो, ऑपरेशन थांबवा म्हटलं. तर साहेब म्हणाले, उद्या मुंबईचे पाहुणे डॉक्टर ऑपरेशन बघायला येताहेत, आणि तुम्ही काडेपेटीवाले ज्योतिषी झालात काय? असं रक्त उसळलं!

१६ ऑक्टोबर
गेले. ऑपरेशननंतर जयसिंगरावांची छाती कफाने भरली, बसल्या जागी बुडाले. साहेब म्हणाले, देवाची मर्जी. देवाची?

१८ ऑक्टोबर
परदेशीपुऱ्याच्या इंदुमतीबाई, गिरणीतली कापसाची धूळ खाल्लेली छाती. त्यांनी फुंकलं, ज्योत हललीही नाही. कसं करायचं ते दाखवायला मी फुंकलं. हलली नाही. बोटं भाजली.

१९ ऑक्टोबर
भरदुपारी स्टोव्ह पेटवला. काडी विझेना, पाण्यात बुडवली तेव्हा विझली. जिन्यावर दम लागला. मागे कुणीतरी खोकतं — कफ न सुटणारा खोकला. मी ओरडलो, जयसिंगराव, साहेबांकडे जा! तुम्हीही लपवलंत! माझ्याच मागे का?

२० ऑक्टोबर
साहेबांना सगळं सांगितलं. हसले. काडी पेटवून फुंकली — विझली. एका फुंकरीत. त्या नालायकाची विझली! उद्या इंदुमतीबाईंना कापणार. दारात आडवा पडेन, पण —

२१, सकाळ
टेबलावर काडी जळतेय. मी पेटवलेली नाही. जळून संपत नाही. छाती भरलीय. हाक फुटत नाही — तोंडावर म्हातारा हात, अदबीने दाबलेला — ज्योत तोंडाने नाही, डॉक्टरजी —
कुणीतरी साहेबांना अडवा. इंदुमतीबाईंना कापू देऊ न—