सहवेदनेत सर्वोच्च श्रेणी

३ मार्च
कार्यालयातील भावनिक बुद्धिमत्तेच्या चाचणीत मला सर्वोच्च श्रेणी. आमची ही असती, तर पेपर कोणी तपासला, असे तिने विचारले असते. असो. रविवारी कन्येचे भावी सासू-सासरे प्रथमच घरी येत आहेत. ते आपल्यातले नाहीत, हा विचार मी मनात आणणार नाही. आज दिवसभर हाच विचार आणला नाही.

५ मार्च
कन्येने बजावले : बाबा, त्यांना एकदा जरी ‘तुम्ही लोक’ म्हणालात, तर लग्न या घरातून होणार नाही, मी तिकडूनच उभी राहीन. हे मला सांगावे लागते, याचे आश्चर्य वाटते. त्या लोकांविषयी माझ्या मनात कसलाही आकस नाही.

८ मार्च, सकाळी
संकल्प : समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी. मध्ये बोलू नये. कार्यालयातून प्रोजेक्टर आणून ठेवला आहे. गरज पडेलच असे नाही.

८ मार्च, सायंकाळी
मंडळी आली. हिच्या फोटोपुढे उभी राहिली, कोचावर बसली आणि बोललीच नाही. चहा निवाला. व्याही माझ्याकडे एकटक पाहत होते. सहवेदना रक्तातच असावी लागते. कोंडी असह्य झाल्याने मीच प्रोजेक्टर लावला व सहवेदनेवर पाऊण तास बोललो. विहीणबाईंनी डोळे पुसले. म्हणजे व्याख्यान पोहोचले. ‘तुम्ही लोक’ फक्त दोनदा म्हणालो, तेही प्रशंसेने.

९ मार्च
कन्या सांगते, त्यांच्यात दुःखाच्या घरी पाहुण्याने आधी बोलायचे नसते. घरच्याने गेलेल्या माणसाचा विषय काढेपर्यंत थांबायचे, मग हवे तितके ऐकायचे. ते आईविषयी ऐकायला आले होते बाबा, आणि तुम्ही त्यांना स्लाइड दाखवल्यात! आपल्यात असे नसते, हे मी शांतपणे निदर्शनास आणले. मग आपल्यात कसं असतं, तिने विचारले. आई गेल्यापासून तुम्ही तिचं नावसुद्धा घेतलं नाहीत.
हे विषयांतर होते.
ती बॅग भरून गेली. तिथे मी आईबद्दल बोलते, ते ऐकतात, म्हणाली.

११ मार्च
लग्न तिकडूनच. भावी जावयाने कळवले. आवाज अत्यंत सौम्य होता. यातच कावा दिसतो. उद्या व्याह्यांना स्वतः फोन करून हिच्याविषयी बोलणार. विषय सोपा आहे. मुद्दे काढले आहेत.

१२ मार्च
फोन केला. नमस्कार झाला. पुढे ते गप्प. हिचे नाव घेण्यासाठी मी तोंड उघडले. उकाडा वाढला आहे, असे म्हणालो. ते गप्पच. बराच वेळ दोघेही फोन धरून होतो. अखेर मीच ठेवला.
त्या लोकांना संभाषण आटोपते घेता येत नाही.